व्हिसावर असताना अमेरिकेत घर घेताय? होमबायर टॅक्स क्रेडिटचं खरं गणित, पायरीपायरीने

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमच्याकडे गणपतीची आरती झाली, प्रसादाच्या वाट्या हातात आल्या की एक प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच. "ताई, एच-१बी वर असलेल्यांना फर्स्ट टाइम होमबायरचं टॅक्स क्रेडिट मिळतं का हो? ग्रुपवर १५ हजार डॉलरचा मेसेज आलाय." एच-१बी म्हणजे इथल्या नोकरीचा तात्पुरता व्हिसा. विचारणारं जोडपं बहुतेक तिशीतलं असतं. लग्नाला तीन-चार वर्षं झालेली, भाडं दर वर्षी वाढतंय, ग्रीन कार्डची रांग हलत नाहीये, आणि आता कुठेतरी मुळं रोवावीत असं मनात आलेलं. दोघांनी खूप कष्टाने पैसे साठवलेले असतात. म्हणून या प्रश्नाला अर्धवट उत्तर देणं मला कधीच पटलं नाही. हा लेख म्हणजे तेच उत्तर, निवांत बसून सांगितलेलं.

थेट सांगते. आज, २०२६ मध्ये, घर घेतलं म्हणून केंद्र सरकार हातात ठेवेल असं सर्वसाधारण टॅक्स क्रेडिट अमेरिकेत नाही. ते व्हिसावाल्यांना नाही, ग्रीन कार्डवाल्यांना नाही आणि नागरिकांनाही नाही. करात सवलत मात्र मिळते. ती वेगवेगळ्या दारांनी येते आणि त्यातली बरीच दारं व्हिसावर असलेल्यांनाही उघडी आहेत. कोणतं दार तुमच्यासाठी उघडं आहे, हे पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्यापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीवर ठरतं. तिकडे येण्याआधी तो १५ हजारांचा मेसेज निकालात काढू.

तो मेसेज येतो कुठून

असं क्रेडिट एकेकाळी खरोखर होतं. २००८ च्या मंदीत घरबाजार कोसळला, तेव्हा त्या वर्षीच्या कायद्याने पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना ७,५०० डॉलरपर्यंत क्रेडिट दिलं. प्रत्यक्षात ते बिनव्याजी कर्ज होतं. २०१० च्या रिटर्नपासून दर वर्षी ५०० डॉलर याप्रमाणे १५ वर्षांत ते परत करायचं होतं, म्हणजे शेवटचा हप्ता २०२४ च्या रिटर्नमध्ये गेला. फेब्रुवारी २००९ मध्ये नवा कायदा आला. घराच्या किमतीच्या १० टक्के, कमाल ८,००० डॉलर, आणि घरात तीन वर्षं राहिलात तर परतफेड नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुदत वाढली आणि आधीपासून स्वतःचं घर असलेल्यांसाठी ६,५०० डॉलरचं वेगळं क्रेडिट जोडलं गेलं. ३० एप्रिल २०१० पर्यंत ज्यांनी करार केला त्यांच्यापाशी ही योजना थांबली.

त्या वेळी एच-१बी वरच्या कितीतरी लोकांनी हे क्रेडिट रीतसर घेतलं. कायद्यात ग्रीन कार्डची अट नव्हती. नाकारलं होतं ते फक्त करकायद्याच्या दृष्टीने 'नॉन-रेसिडंट' असलेल्यांना. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

१५ हजारांचा आकडा २०२१ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये (संसदेत) मांडलेल्या एका विधेयकातला आहे. ते मंजूर झालं नाही. मार्च २०२४ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी १० हजार डॉलरच्या क्रेडिटचा प्रस्ताव मांडला होता, त्याचाही कायदा झाला नाही. असा मेसेज घेऊन कोणी 'आम्ही तुमचं क्रेडिट मिळवून देतो, फी आगाऊ द्या' म्हणत आलं तर एक डॉलरही देऊ नका.

पहिली पायरी: तुम्ही 'टॅक्स रेसिडंट' आहात का, ते दिवस मोजून ठरवा

इमिग्रेशन खात्याच्या लेखी एच-१बी वाला तात्पुरता पाहुणा असतो. करखात्याच्या लेखी तोच माणूस पूर्ण रहिवासी असू शकतो. दोन्ही कायदे स्वतंत्र आहेत आणि आपल्या लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ इथेच उडतो.

करखातं दिवस मोजतं. चालू वर्षात निदान ३१ दिवस अमेरिकेत असायला हवेत. शिवाय चालू वर्षाचे सगळे दिवस, मागच्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याच्या आधीच्या वर्षाचे एक षष्ठांश, यांची बेरीज १८३ किंवा जास्त व्हायला हवी. समजा तुम्ही ५ ऑक्टोबर २०२५ ला एच-१बी वर पुण्याहून न्यूअर्कला उतरलात. २०२५ मध्ये तुमचे ८८ दिवस भरले, म्हणजे त्या वर्षी तुम्ही नॉन-रेसिडंट. २०२६ साठी त्या ८८ चे एक तृतीयांश म्हणजे २९ दिवस आधीच जमेला आहेत. मध्ये भारतवारी झाली नाही तर जूनच्या पहिल्या आठवड्यात १८३ पूर्ण होतात आणि वर्षाच्या सुरुवातीपासून इथेच असल्याने तुम्ही १ जानेवारीपासून रेसिडंट धरले जाता.

एफ-१ वर शिकायला आलेल्यांचं गणित वेगळं आहे. पहिली पाच कॅलेंडर वर्षं विद्यार्थ्याचे दिवस मोजलेच जात नाहीत, आणि वर्षाचा एखादाच महिना इथे काढला असला तरी ते अख्खं वर्ष धरतात. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या मुलीचा एच-१बी १ ऑक्टोबर २०२६ ला सुरू झाला, तर २०२६ मध्ये तिचे फक्त ९२ दिवस मोजले जातील. पगार चांगला असला, ओपीटीवर (शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर) दोन वर्षं नोकरी झालेली असली, तरी २०२६ साठी ती साधारणपणे नॉन-रेसिडंटच.

याने एवढा फरक का पडतो? नॉन-रेसिडंट माणूस १०४०-एनआर हे रिटर्न भरतो आणि त्याच्या वजावटींच्या यादीत राहत्या घराच्या कर्जाचं व्याजच नाही. प्रॉपर्टी टॅक्सही नाही. म्हणजे त्या वर्षी घर घेऊन बँकेला १० हजार डॉलर व्याज भरलं, तरी करात त्याचा उपयोग शून्य. त्या मुलीने ऑक्टोबरऐवजी पुढच्या जानेवारीत क्लोजिंग केलं, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण केला, तर तेच व्याज कामी येऊ शकतं. फक्त करासाठी आवडलेलं घर सोडा असं मी म्हणणार नाही, पण हे माहीत असताना घेतलेला निर्णय आणि नकळत झालेलं नुकसान यांत फरक आहे.

लग्न झालेलं असेल तर आणखी एक सोय आहे. वर्षअखेरीस नवरा-बायकोपैकी एक जण रेसिडंट आणि दुसरा नॉन-रेसिडंट असेल, तर दोघांनाही वर्षभर रेसिडंट धरावं असा पर्याय निवडून एकत्र रिटर्न भरता येतं. मग त्या वर्षाचं दोघांचंही जगभरातलं उत्पन्न, अगदी सांगलीच्या बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याजसुद्धा, इथे दाखवावं लागतं. एच-४ वरच्या (एच-१बी वाल्यासोबत आलेल्या) जोडीदाराकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर डब्ल्यू-७ फॉर्म रिटर्नसोबत लावून आयटीआयएन हा करासाठीचा नंबर मिळवावा लागतो.

दुसरी पायरी: कर्ज कुठलं मिळेल ते आधी बघा

करसवलतीचा विचार कर्जापासून वेगळा करता येत नाही, कारण सवलत मिळते ती मुख्यतः व्याजावर. इथे २०२५ मध्ये मोठा बदल झाला. साडेतीन टक्के डाउन पेमेंटवर मिळणारं, सरकारी विम्याचं एफएचए कर्ज २५ मे २०२५ पासून नॉन-पर्मनंट रेसिडंटना, म्हणजे एच-१बी, एल-१, ओ-१ वाल्यांना, बंद झालं. जुने ब्लॉग आणि व्हिडिओ अजून एफएचएच सुचवतात, त्यांवर विसंबू नका. आपल्यासाठी आता मुख्यतः कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी विमा नसलेलं, कर्ज उरतं. त्यासाठी व्हिसा, आय-७९७ (मंजुरीची नोटीस), आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद), पगाराच्या स्लिपा आणि दोन वर्षांची रिटर्न्स तयार ठेवा. २० टक्क्यांपेक्षा कमी डाउन पेमेंट असेल तर मॉर्गेज इन्शुरन्सचा, म्हणजे कर्ज थकल्यास बँकेला संरक्षण देणाऱ्या विम्याचा, हप्ता वर बसतो. २०२६ पासून हा हप्ताही व्याजासारखा वजावटीला पात्र आहे, पण उत्पन्न १ लाख डॉलरच्या पुढे जाऊ लागलं की ही वजावट झपाट्याने आटते आणि १ लाख ९ हजारांच्या पुढे संपते. दोघं नोकरी करणाऱ्या आयटीतल्या जोडप्याला तिचा फायदा क्वचितच होईल.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कर्जाच्या अर्जात नागरिकत्वाचा रकाना असतो. त्यात तीन पर्याय असतात: नागरिक, पर्मनंट रेसिडंट, नॉन-पर्मनंट रेसिडंट. आमच्या वेळी लोन ऑफिसरने घाईत 'पर्मनंट रेसिडंट' वर खूण करून मसुदा पाठवला होता. सही करण्याआधी नवऱ्याने प्रत्येक पान वाचलं म्हणून चूक सापडली. तुमच्या अर्जात कोणी 'नागरिक' लिहिलं आणि खाली तुमची सही झाली, तर नागरिकत्वाचा खोटा दावा म्हणून पुढे ग्रीन कार्ड कायमचं अडकू शकतं. डाउन पेमेंटला मदत करणाऱ्या सरकारी योजनांच्या अर्जांनाही हेच लागू आहे. सही करण्याआधी प्रत्येक पान वाचा. रात्रीचा एक वाजला तरी वाचा.

तिसरी पायरी: व्याजाच्या वजावटीतून खरंच किती वाचेल, ते मांडा

क्रेडिट आणि डिडक्शन यांत लोक गल्लत करतात. क्रेडिट थेट करातून वजा होतं. १,००० डॉलरचं क्रेडिट म्हणजे कर १,००० डॉलरने कमी. डिडक्शन उत्पन्नातून वजा होतं. २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर १,००० डॉलरच्या डिडक्शनने कर फक्त २२० डॉलरने कमी होतो. घराचं व्याज हे डिडक्शन आहे.

आणि तेही सरसकट मिळत नाही. प्रत्येक टॅक्स रेसिडंटला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे ठरावीक रकमेची वजावट, मिळतंच. २०२६ साठी एकट्याला १६,१०० आणि एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याला ३२,२०० डॉलर. व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, राज्याचा आयकर आणि देणग्या यांची बेरीज याच्या वर गेली तरच शेड्यूल ए हा फॉर्म भरून आयटमाइझ करण्यात, म्हणजे एकेक खर्च दाखवून वजावट घेण्यात, अर्थ आहे, आणि फायदा होतो तो फक्त वरच्या भागावर. घर विकणारे एजंट नेमकं हेच सांगत नाहीत.

उदाहरण घेऊ. न्यू जर्सीतलं जोडपं, दोघांचं मिळून उत्पन्न १ लाख ७० हजार. घर साडेपाच लाखांचं, २० टक्के डाउन पेमेंट, ४ लाख ४० हजारांचं ३० वर्षांचं कर्ज साडेसहा टक्क्यांनी. पहिल्या पूर्ण वर्षाचं व्याज साधारण २८,४५० डॉलर. प्रॉपर्टी टॅक्स ११ हजार धरू, राज्याचा आयकर ६ हजार. एकूण ४५,४५०. त्यातून ३२,२०० वजा केले की उरतात १३,२५०. त्यावर २२ टक्क्यांनी बचत साधारण २,९०० डॉलर. बँकेला साडेअठ्ठावीस हजार व्याज दिल्यावर हाती आलेली ही सवलत आहे. चांगली आहे, पण तिच्या भरवशावर ऐपतीबाहेरचं घर घेऊ नये.

आता हेच घर जुलैअखेरीस क्लोज झालं असं समजा. त्या वर्षी पाच महिन्यांचं व्याज १२ हजारांच्या आत, प्रॉपर्टी टॅक्सचा वाटा साडेचार हजारांच्या आसपास, राज्याचा कर सहा हजार. बेरीज २३ हजारांच्याही आत. म्हणजे स्टँडर्ड डिडक्शनच मोठं ठरतं आणि पहिल्या वर्षी घरामुळे केंद्राचा कर एका डॉलरनेही कमी होत नाही. पहिल्या वर्षाच्या रिटर्नवर बरेच जण निराश होतात ते यामुळेच. तुमच्या सीएचं काही चुकलेलं नसतं.

मर्यादाही लक्षात असू द्या. व्याज फक्त पहिल्या ७ लाख ५० हजार डॉलरच्या कर्जापुरतं धरलं जातं. बे एरियात घर घेणाऱ्यांना हे चांगलंच टोचतं. राज्य आणि स्थानिक करांची वजावट अनेक वर्षं १० हजारांवर अडकलेली होती. २०२५ च्या कायद्याने ती त्या वर्षासाठी ४० हजार झाली, २०२६ साठी ४०,४०० आहे. २०२६ मध्ये उत्पन्न ५ लाख ५ हजारांच्या पुढे गेलं की ती घटते, आणि २०३० मध्ये पुन्हा १० हजारांवर येणार आहे. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियातल्या लोकांना आयटमाइझ करणं परवडू लागलं ते मुख्यतः या बदलामुळे. वरच्या उदाहरणात जुनी मर्यादा असती तर बचत निम्म्याहून कमी झाली असती.

दोन बारीक गोष्टी. प्रॉपर्टी टॅक्स एस्क्रोमध्ये (बँकेने करासाठी ठेवलेल्या खात्यात) जमा केला म्हणून वजावट मिळत नाही, बँकेने तो टाउनशिपला भरला त्या वर्षी मिळते. आणि घर घेताना व्याजदर कमी करायला भरलेले 'पॉइंट्स' राहत्या घरासाठी बहुतेक वेळा त्याच वर्षी पूर्ण वजा करता येतात. ते क्लोजिंग डिस्क्लोजर या व्यवहाराच्या हिशेबपत्रकावर शोधा. बँकेच्या फॉर्म १०९८ या व्याजाच्या वार्षिक पत्रकावर ते सुटलेले असू शकतात.

चौथी पायरी: जे खरोखर 'क्रेडिट' आहे त्याची चौकशी करा

घरासाठीचं एक केंद्रीय क्रेडिट आजही जिवंत आहे आणि त्याचं नाव फार कोणाला माहीत नसतं: मॉर्गेज क्रेडिट सर्टिफिकेट, म्हणजे एमसीसी. राज्याची किंवा काउंटीची हाउसिंग फायनान्स संस्था हे सर्टिफिकेट देते. त्यावर १० ते ५० टक्क्यांमधला एक दर लिहिलेला असतो. वर्षाच्या व्याजाचा तेवढा टक्का थेट करातून वजा होतो. दर २० टक्क्यांहून जास्त असेल तर वर्षाला कमाल २,००० डॉलर. उरलेलं व्याज नेहमीसारखं आयटमाइझ करता येतं. कर कमी असल्याने क्रेडिट पूर्ण वापरता आलं नाही तर ते पुढची तीन वर्षं ओढता येतं. रिटर्नमध्ये फॉर्म ८३९६ भरायचा. कर्ज राहील आणि घरात तुम्ही राहाल तोपर्यंत हे दर वर्षी मिळतं, म्हणून ते सगळ्यांत मोलाचं आहे.

अटी कडक आहेत. सर्टिफिकेट क्लोजिंगच्या आधीच घ्यावं लागतं, नंतर मिळत नाही. उत्पन्नाची आणि घराच्या किमतीची मर्यादा असते, त्यामुळे दोन आयटी पगार असलेलं जोडपं बहुधा बसत नाही. पण एकटी कमावणारी शिक्षिका, पोस्टडॉक करणारा संशोधक किंवा जोडीदार एच-४ वर घरी असलेलं कुटुंब बसू शकतं. मागच्या तीन वर्षांत स्वतःच्या मालकीच्या मुख्य घरात राहिलेले नसावेत, अशीही साधारण अट असते. 'ठाण्यात बाबांनी माझ्या नावावर घेतलेला फ्लॅट आहे, मग मी फर्स्ट टाइम कसा?' असं अनेक जण विचारतात. इथे बघतात ते त्या काळात तो फ्लॅट तुमचं मुख्य राहतं घर होता का. तुम्ही इथे राहत होतात आणि तिथे भाडेकरू होता, तर तो तुमचं मुख्य राहतं घर ठरत नाही. मात्र अर्जात विचारलं असेल तर तो लपवू नका.

करकायद्याच्या या कलमात नागरिकत्वाची अट नाही, पण राज्यसंस्था आणि कर्ज देणारी बँक आपले नियम लावू शकतात. म्हणून अर्ज करण्याआधी 'नॉन-पर्मनंट रेसिडंट पात्र आहे का' असा प्रश्न ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. आणखी एक, नऊ वर्षांच्या आत घर नफ्यात विकलं आणि दरम्यान उत्पन्न बरंच वाढलं, तर क्रेडिटचा काही भाग परत द्यावा लागू शकतो. व्हिसावर असलेल्याने ही नऊ वर्षं मनात धरूनच निर्णय घ्यावा.

सौर पॅनेलवर मिळणारं ३० टक्के क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला नाही. नव्या घरात पॅनेल बसवायला लावणारा सेल्समन अजूनही त्याचं नाव घेत असेल तर त्याला निरोप द्या.

पाचवी पायरी: राज्याची आणि काउंटीची सवलत

इथे लोक पैसे अक्षरशः सोडून देतात, कारण बहुतेक ठिकाणी अर्ज केल्याशिवाय काही मिळत नाही. टेक्सासमध्ये राहत्या घराच्या शाळा-करातून १ लाख ४० हजार डॉलरचं मूल्य वगळलं जातं. त्यासाठी काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे एप्रिलअखेरपर्यंत अर्ज हवा आणि ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता त्याच घराचा हवा. घर बदललं की आधी लायसन्स बदला. न्यू जर्सीत राज्याच्या आयकर रिटर्नमध्ये १५ हजारांपर्यंतचा प्रॉपर्टी टॅक्स वजा करता येतो, आणि त्यासाठी केंद्राच्या रिटर्नवर आयटमाइझ करावं लागत नाही.

फ्लोरिडाची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. तिथली होमस्टेड (राहत्या घराची) सूट मोठी आहे: मूल्यातून सुमारे ५० हजार डॉलर वजा, शिवाय करपात्र मूल्य वर्षाला ३ टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही. पण कायदा 'कायमचा निवास' मागतो आणि तात्पुरत्या व्हिसावरचा माणूस कायम राहण्याचा हेतू कायदेशीरपणे धरू शकत नाही, असं तिथली न्यायालयं मानत आली आहेत. २०१२ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात ठरवलं की आई-वडील तात्पुरत्या व्हिसावर असले, तरी त्यांची अमेरिकेत जन्मलेली नागरिक मुलं त्या घरात कायमची राहतात, म्हणून सूट मिळते. टॅम्पा किंवा ऑर्लँडोत राहणाऱ्या, इथे जन्मलेलं लेकरू असलेल्या मराठी कुटुंबाने १ मार्चच्या आत अर्ज करायलाच हवा. एकदा नकार आला म्हणून गप्प बसू नका, या निकालाचा उल्लेख करून पुन्हा विचारा.

सहावी पायरी: डाउन पेमेंट भारतातून येत असेल तर

आई-बाबांनी निवृत्तीच्या पैशातून मदत करावी, ही आपल्याकडची मोठी माया आहे. त्या पैशाची कागदपत्रं चोख ठेवणं ही मग आपली जबाबदारी. आई-बाबा प्रत्येकी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकतात. १० लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. तो त्यांच्या रिटर्नमध्ये परत मिळवता येतो, पण तोवर अडकून राहतो, म्हणून क्लोजिंगच्या आदल्या आठवड्यात धावपळ नको. कर्ज देणारी बँक गिफ्ट लेटर मागेल आणि पैसा कुठून कसा आला त्याची साखळी मागेल.

या भेटीवर तुम्हाला इथे कर नाही. पण एका वर्षात परदेशातल्या नातलगांकडून मिळून १ लाख डॉलरच्या वर आले तर फॉर्म ३५२० भरावा लागतो, आणि आईचे ६० हजार आणि बाबांचे ६० हजार एकत्रच मोजले जातात. हा फॉर्म रिटर्नसोबत जात नाही, वेगळा पोस्टाने पाठवायचा असतो. विसरलात तर दंड महिन्याला ५ टक्के, कमाल २५ टक्के. करच नसलेल्या भेटीवर ३० हजार डॉलरचा दंड बसू शकतो, म्हणून कॅलेंडरवर आजच खूण करा.

पुण्यातला स्वतःचा फ्लॅट विकून पैसे आणणार असाल तर दोन्हीकडे हिशेब होतो. भारतात तुम्ही अनिवासी असल्याने खरेदीदार जास्त टीडीएस कापतो. घर विकून दुसरं घर घेतल्यावर भारतात जी भांडवली नफ्याची सूट मिळते, ती अमेरिकेतल्या घरावर मिळत नाही, नवं घर भारतातलंच असावं लागतं. आणि इथे रेसिडंट असल्याने तोच नफा अमेरिकी रिटर्नमध्येही दाखवावा लागतो. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, तेव्हा चलनं जपून ठेवा. तुमच्या भारतातल्या सर्व खात्यांची बेरीज वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार हा परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म भरलेला आहे ना, हेही याच वेळी तपासा.

इथल्या निवृत्ती निधीचं एवढंच सांगते की, पहिल्या घरासाठी आयआरएमधून (स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्यातून) आयुष्यात एकदा १० हजार डॉलरपर्यंत दंडाशिवाय काढता येतात, पण साध्या आयआरएमधून काढल्यास आयकर लागतो. ४०१(के) ला, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्याला, ही सोय नाही, तिथे कर्ज मिळतं. मात्र नोकरी गेली की ते कर्ज लवकर फेडावं लागतं, नाहीतर कर बसतो आणि बहुतेकांना दंडही. व्हिसावाल्याची नोकरी आणि इथला मुक्काम एकमेकांना बांधलेले असतात, म्हणून मी सहसा नको म्हणते.

सातवी पायरी: परत जावं लागलं तर

नोकरी गेल्यावर एच-१बी वाल्याला नवी नोकरी शोधायला कमाल ६० दिवस असतात. घर घेतानाच या दिवसाचा विचार करून ठेवणं हा अपशकुन नाही, तो संसाराचाच भाग आहे.

विकण्याआधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं घर तुमच्या मालकीचं असेल आणि तुम्ही त्यात राहिला असाल, तर एकट्याला अडीच लाख आणि एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याला पाच लाखांपर्यंतच्या नफ्यावर कर नाही. नोकरीमुळे दूर जावं लागलं, म्हणजे नवी नोकरी जुन्या नोकरीपेक्षा घरापासून निदान ५० मैल आणखी लांब असली, तर दोन वर्षं पूर्ण नसतानाही त्या प्रमाणात सूट मिळते. १५ महिने राहिलेल्या जोडप्याला २४ पैकी १५ हिस्से, म्हणजे ३ लाख १२ हजार ५०० पर्यंत. सामान्य घरावर एवढ्या काळात यापेक्षा जास्त नफा क्वचितच होतो.

शक्य असेल तर अमेरिकेत रेसिडंट असतानाच विका. भारतात परतून नॉन-रेसिडंट झाल्यावर विकलंत तर खरेदीदाराला तुमच्या नफ्याच्या नव्हे, अख्ख्या विक्रीकिमतीच्या १५ टक्के रक्कम कापून करखात्याकडे भरावी लागते. खरेदीदार स्वतः त्या घरात राहणार असेल तर किंमत ३ लाखांपर्यंत असल्यास काही कापत नाहीत, आणि १० लाखांपर्यंत १० टक्के. साडेपाच लाखांच्या घरावर हे ५५ हजार डॉलर होतात. नफा करमुक्त असला तरी ते १०४०-एनआर भरून परत मिळेपर्यंत महिने जातात. ते टाळायला क्लोजिंगच्या दिवसापर्यंत फॉर्म ८२८८-बी ने कमी कपातीचा अर्ज करता येतो.

भाड्याने देऊन परत जाणार असाल तर एक पाऊल चुकवू नका. नॉन-रेसिडंटच्या भाड्यावर सरसकट ३० टक्के कर लागतो, तोही खर्च वजा न करता. रिटर्नसोबत निवेदन जोडून हे उत्पन्न व्यवसायासारखं धरायची निवड केली, तर व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, दुरुस्ती आणि घसारा वजा होऊन उरलेल्यावरच कर लागतो. आणि भाड्याने दिल्याच्या दिवसापासून मनात एक घड्याळ सुरू करा. पाचपैकी दोन वर्षांची अट हातची जाऊ द्यायची नसेल, तर घरातून बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत विक्री पूर्ण झाली पाहिजे.